दहावीतला पैलवान: वजन उतरवायचं की गट बदलायचा?

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. शाळेच्या कुस्ती संघातून १७ वर्षांखालील ५५ किलो गटात जिल्ह्यात पहिला आला, विभागात उपांत्य फेरीत हरला. संघातले दोघे राज्यापर्यंत गेले. आता त्याचं वजन ५७ आहे आणि वस्ताद म्हणतात, पुढच्या वर्षी ५१ ला उतरव, नक्की राज्य गाठेल. घरचे म्हणतात तालीम बंद करून अकरावी सायन्सला घाला. काय करावं? – एक वडील

नमस्कार,

तालीम बंद करू नका आणि वजनही उतरवू नका. दुसरी गोष्ट जास्त तातडीची आहे, म्हणून आधी तीच.

५७ वरून ५१ म्हणजे शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा. पंधराव्या वर्षी हाडं आणि स्नायू वाढत असतात. अंगावर काढण्यासारखी चरबी फारशी नसते. मग उतरतं ते पाणी आणि स्नायू. वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी होतं आणि थोड्याच वेळात कुस्त्या लागतात, त्यामुळे गेलेलं पाणी भरून यायला वेळच मिळत नाही. अशी मुलं पहिल्या फेरीत बरी दिसतात आणि दुसऱ्या फेरीत पाय उचलत नाहीत. स्पर्धा दोन दिवस चालली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काटा असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही १०० ग्रॅमने बाद झाली. तिच्यामागे तर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते.

या वयोगटात ५५ च्या वर ६० चा गट आहे. मुलगा वाढतो आहे, त्याला तिकडेच जाऊ द्या. दर सोमवारी सकाळी, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहा. गटाच्या वर किलो-दीड किलो असेल तर दोन आठवड्यांत तेलकट-गोड कमी करून ते सहज जातं. त्याहून जास्त असेल तर गट चुकला आहे. प्लास्टिकचा सूट, उपाशी पळणं, पाणी तोडणं यातलं काहीही नको. ताकदीचं म्हणून कुणी इंजेक्शन सुचवलं तर त्या तालमीतून मुलाला त्याच दिवशी बाहेर काढा. मेफेंटरमाइनसारखी औषधं हृदयावर घाला घालतात, शिवाय प्रतिबंधित यादीत आहेत.

आता हरलेली कुस्ती. निकालापेक्षा गुण कसे गेले ते महत्त्वाचं. विभागातल्या कुस्तीचं मोबाइलवरचं चित्रण असेल तर मुलाला वस्तादांसोबत बसवून प्रत्येक गुण लिहून काढायला सांगा: कोणत्या फेरीत गेला, उभ्याने की खाली. मातीत घडलेल्या मुलांचा ठरलेला घोटाळा असा, की खाली गेल्यावर ती पोटावर घट्ट पडून राहतात. मातीत ते चालतं, कारण पाठ टेकल्याशिवाय कुस्ती जात नाही. मॅटवर ताब्याचे, म्हणजे खाली पाडून मागे जाण्याचे, २ गुण आणि वर प्रत्येक भारंदाजाचे, म्हणजे कमरेला धरून पाठीवरून फिरवण्याचे, २. लागोपाठ चार बसले की १० गुणांचा फरक होऊन कुस्ती तिथेच संपते. गुण असे गेले असतील तर मुलगा कमी पडलेला नाही, मॅटचा सराव कमी पडला आहे. त्याला आठवड्यातून किमान तीन दिवस मॅट हवी आणि त्यात खालून सुटण्याचा वेगळा सराव हवा. गुण शेवटच्या मिनिटात गेले असतील तर प्रश्न दमाचा आहे. या वयाची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. त्यासाठी हजार बैठकांपेक्षा दोन मिनिटं पूर्ण जोरात, तीस सेकंद विश्रांती, पुन्हा दोन मिनिटं, अशा जोड्या जास्त कामाच्या.

राज्याला गेलेल्या दोघांशी तुलना करू नका. दुसऱ्या गटातल्या मुलाचा निकाल तुमच्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही. त्या गटात जिल्ह्यात किती जण होते यावरही बरंच अवलंबून असतं.

अभ्यासाचं. दहावीची परीक्षा होईपर्यंत तालीम एक वेळ, सकाळची. जत्रेचे फड या वर्षी पूर्ण बंद. इनाम मिळतं हे खरं, पण त्या कुस्तीचं प्रमाणपत्र कुठे धरत नाहीत, आणि फेब्रुवारीत खांदा निखळला तर पेपर लिहिणार कोण? खेळाडूंना बोर्डाच्या परीक्षेत स्पर्धेच्या स्तरानुसार सवलतीचे जास्तीत जास्त २५ गुण मिळतात. तो प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. मुदत उलटल्यामुळे ते गुण हुकलेली मुलं दरवर्षी असतात.

सायन्स घ्यायचं तर कारण असू द्या. फिजिओथेरपीकडे जायचं मनात असेल तर जीवशास्त्र लागेलच. तसं काही नसेल तर कला किंवा वाणिज्य घेऊन तालमीजवळचं कॉलेज घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पुढे पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम किंवा बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे. गावोगावी मॅट आल्या, पण त्यावर शिकवणारे अजून कमी आहेत.

आणि पोलीस. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकणारे खाशाबा जाधव पोलिसात होते. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकणारा राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या स्तरावरचं पदक आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते, तेव्हा त्यावरच विसंबू नका. साध्या शिपाई भरतीला बारावी आणि १६५ सेंटिमीटर उंची लागते. मैदानी चाचणीत १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. पैलवान मुलं गोळ्यात गुण घेतात आणि १६०० मीटरला मार खातात. अकरावीपासून आठवड्यातून दोन दिवस पळायला लावा, कुस्तीच्या दमालाही ते उपयोगी पडेल.

निर्णयाची वेळ बारावीनंतरची धरा. १९ वर्षांखालील गटात दोन हंगामांत राज्याच्या पहिल्या चारात आला तर कुस्ती हेच मुख्य काम धरून मोठ्या केंद्राची निवड चाचणी द्या. नाही आला तर भरती किंवा प्रशिक्षणाची वाट, आणि कुस्ती सोबत.

या आठवड्यात दोन कामं करा: मुख्याध्यापकांना भेटून सवलतीच्या गुणांचा अर्ज कुठवर आला ते विचारा, आणि जिल्हा-विभागाची मूळ प्रमाणपत्रं घेऊन त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि वजनगट शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. चूक असेल तर ती आत्ता दुरुस्त होते, पाच वर्षांनी पडताळणीत सापडली तर फार जड जाते.