सायकल आधी, इंजिन नंतर

सायकल चालवणं आणि वाफेचं इंजिन हाकणं, दोन्ही एकाच सुट्टीत बसतं, काळजी नको. इंग्लंडमधली वाफेच्या गाड्यांची सेव्हर्न व्हॅली रेल्वे किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ अशी 16 मैलांची, आणि वाटेतल्या ब्यूडलीपासून 45 क्रमांकाचा सायकलमार्गही ब्रिजनॉर्थला जातो. पहिल्यांदा हायलीपर्यंतच जा, ते साधारण निम्म्यावर आहे. नवखे सीट फार खाली ठेवतात, मग गुडघे बोलायला लागतात. पेडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ हवा. आणि भूक लागायच्या आधी खा.

आता खरी मजा. वाफेच्या इंजिनावर शेजारी मुरलेला ड्रायव्हर असतोच, त्यामुळे घाबरू नका. फक्त एवढं पाळा:

- कपडे सुती, बूट जाड. ठिणगी नायलॉनला सरळ भोक पाडते.
- रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा) हळू उघडा. एकदम खेचलात की चाकं जागीच गरगरतात. (मीही केलंय, अख्ख्या फलाटासमोर.)
- ब्रेक लवकर लावा. लोखंडावर लोखंड, गाडी सायकलसारखी थांबत नाही.

कोळसा टाकायचं फावडं मात्र हट्टाने मागून घ्या! बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरची भानगड तूर्त राहू द्या. सायकल आदल्या दिवशीच उरका, कारण फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर उभा राहतो तिथे, सगळा वेळ उभंच राहायचंय.