मिस्टरांची बदली शिमल्याला झाली आहे. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन बर्फात सोबत जावं, की हिवाळा सरेपर्यंत गावीच राहावं?

ताई, जा. मिस्टरांसोबतच जा, आणि हिवाळ्याआधी जा.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर फौजेत आहेत, फील्ड, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी पोस्टिंग, संपवून आता पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशी, आलीय, आणि घरचे म्हणतात, 'पोरीला बर्फात कुठं नेता, मार्चमध्ये जा.' हेच वाक्य मी ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. मार्च म्हणणारे मार्चमध्ये म्हणतात, 'एवढी सुगी उरकू दे.' मग लग्नसराई येते, मग शाळा. पीस पोस्टिंग दोन-तीन वर्षांची. त्यातून असे महिने कापत गेलात तर हातात काय उरतं, हिशेब करून बघा.

आमचं सांगते. 2016 मध्ये आम्हाला जतोगला क्वार्टर मिळालं. जतोग म्हणजे शिमल्याला लागूनची छावणी, कालक्याहून छोट्या गाडीनं येताना शिमल्याच्या जरा आधी तिचं स्टेशन लागतं. मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. तो जन्मल्यापासून हे फील्डलाच होते. सुट्टीवर यायचे तेवढाच बाप, बाकी सगळा बाप फोनमध्ये. आणि ह्याचा परिणाम काय झाला होता, ते कुणाला सांगायचीही लाज वाटायची. हे सुट्टीवर आलेले, ओसरीत चहा पीत बसलेले, आणि पोरगं आतून माझा फोन घेऊन यायचं नि म्हणायचं, "आई, बाबांना फोन लाव." बाप दोन हातांवर बसलेला. ह्यांनी एकदा कप खाली ठेवला आणि उठून सरळ मळ्यात गेले, अंधार पडला तरी आले नाहीत.

त्यामुळे क्वार्टर मिळाल्याची खबर आली त्याच दिवशी मी ट्रंका काढल्या. आमच्या थोरल्या दिरांनी घर डोक्यावर घेतलं. "पोराला न्यूमोनिया झाला तर जबाबदार कोण? फौजेतल्या माणसानं फौजेत राहावं, बायकापोरांनी घरी राहावं, आजवर असंच चालत आलंय." मी तोंड उघडलं नाही. ट्रंकेवर ह्यांचं नाव नि नंबर रंगवून घेतला आणि निघाले.

नाताळाला पहिला बर्फ भुरभुरला, दुपारपर्यंत विरघळलाही. खरा पडला तो 2017 च्या जानेवारीत, पहिल्या आठवड्याच्या शेवटी. रात्री कधी सुरू झाला कळलंच नाही, पाऊस कळतो तसा तो कळत नाही. जाग आली ती उजेडानं. खोली एवढी पांढरी दिसत होती की मला वाटलं उठायला उशीर झाला, ह्यांची ड्यूटी चुकली. घड्याळात बघते तर सहासुद्धा वाजले नव्हते. आणि शांतता! कुत्रं नाही, गाडी नाही, पाण्याचा थेंब नाही. ताज्या बर्फात हवा भरलेली असते, ती आवाज पिऊन टाकते. खिडकीशी गेले तर देवदाराच्या फांद्या ओझ्यानं खाली वाकलेल्या, आणि आमच्या दारासमोरच्या तीन पायऱ्या दिसतच नव्हत्या. तेवढ्यात टिनाच्या उतरत्या छपरावरचा सगळा थर धाडकन घसरून पडला. पोरगं दचकून उठलं, "आई, ट्रक उलटला."

हे फावडं घेऊन बाहेर गेले. दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढायला तास लागला. पोराला मी तीन स्वेटर घालून दारात उभं केलं. त्यानं एक पाय टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला, आणि ते जे हसायला लागलं! आमच्या पोराला एवढं मोठ्यानं हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं. बर्फाचा माणूस केला, त्याला ह्यांची जुनी टोपी घातली. मग गावाहून आणलेली काकवी मी वाटीत काढली, ह्यांनी वरचा स्वच्छ बर्फ आणला, त्यावर काकवी ओतून तिघांनी दारातच खाल्ली. ही एक गोष्ट मुलगा अजून काढतो.

वीज त्या रात्रीच गेली होती. तारांवर फांद्या पडलेल्या. तीन दिवस आली नाही. पहिल्या संध्याकाळी माझा फोन मेला, दुसऱ्या दिवशी ह्यांचा. दिवसभर हे जवानांबरोबर छावणीतले रस्ते मोकळे करायला जायचे, अंधार पडता पडता परत यायचे. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही मेणबत्ती लावून एकाच रजईत तिघं बसलो होतो. पोराला काहीतरी सांगायचं होतं, बहुतेक बर्फाच्या माणसाचा हात गळला म्हणून. सवयीनं त्यानं फोन उचलला, बटण दाबलं, काळाच. थोडा वेळ तो तसाच बसला. मग मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, हात पडला." ह्यांनी विचारलं, "कुठला, डावा की उजवा?" एवढंच. त्या दिवसानंतर त्यानं ह्यांच्याशी बोलायला पुन्हा कधी फोन मागितला नाही.

आता नुकसानीचंही सांगते. मी दुष्काळी भागातली. नळ ठिबकता ठेवणं म्हणजे आमच्याकडे पाप. शेजारी गढवाली भाभी होत्या, त्यांनी बजावलं होतं की रात्री नळाची बारीक धार चालू ठेव. मला ते जमेना, मी झोपताना नळ घट्ट पिळून बंद केला. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, पाइपाला ते सोसत नाही. पण फुटतो तेव्हा काही कळत नाही, कारण आत बर्फाचंच बूच बसलेलं असतं. चौथ्या दिवशी दुपारी ऊन आलं आणि मग स्वयंपाकघरात पाणीच पाणी. भाभींनी धावत येऊन बाहेरची मुख्य चावी बंद केली, मी तर ती कुठं आहे हेसुद्धा बघून ठेवलं नव्हतं. तर ताई, क्वार्टरचा ताबा घ्याल त्याच दिवशी ती चावी शोधा. रात्री धार ठेवा, दोन बादल्या भरून ठेवा. नळ गोठलाच तर त्याला फडकं गुंडाळून वरून कोमट पाणी ओता, उकळतं कधीच नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथं कुणाचंही ऐकू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी लावायची नाही. तिकडे अंगीठी म्हणतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात पहाडात अशी माणसं जातात. बुखारी, म्हणजे धुराडं असलेली बंद लोखंडी शेगडी, ती वेगळी, तीही झोपताना विझवायची. मुलीला मधे घेऊन झोपा, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवा, पुरतं.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ लोकरी थर घाला. अंगाला चिकटून सुती बनियन नको, घामानं भिजतं आणि गार पडतं. लोकरीचे हातमोजे बर्फात पाच मिनिटांत भिजतात, मुलीसाठी पाणी न शिरणारे दोन जोड ठेवा. हात गारठले तर शेगडीवर धरायचे नाहीत, आपल्या काखेत घ्यायचे. आणि बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी रस्त्यावर जो काचेसारखा थर धरतो, तिकडे त्याला पाला म्हणतात, त्यानं हातपाय मोडतात. ऊन चढेपर्यंत मुलीला घेऊन उतारावर जाऊ नका.

आता न्यूमोनियाच्या भीतीचं. तो जंतूंमुळे होतो, बर्फात खेळल्यानं होत नाही. हिवाळ्यात सर्दी-खोकला वाढतो तो माणसं दारं बंद करून एकत्र बसतात म्हणूनही. आमच्या मुलाला त्या हिवाळ्यात दोनदा सर्दी झाली. गावी चुलतभावंडांत राहून दर महिन्याला व्हायची.

तीन दिवस फोन लागला नाही म्हणून वीज आल्यावर थोरल्या दिरांचा पहिला फोन आला तो शिव्याच घेऊन. त्यांची काळजी खरी होती, हे मी तेव्हाही मानलं. पण काळजी खरी असली म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही. पोरगं तापानं आजारी पडेल ह्याची भीती सगळ्यांना वाटते, बापाला ओळखत नाही ह्याची भीती घरात कुणालाच वाटली नव्हती. ती मला वाटली. त्यांनी आजवर 'बरं केलंस' म्हटलेलं नाही आणि मी वाट बघणं सोडलंय. तुमच्याकडेही कुणी म्हणणार नाही, तरी जा.

मात्र मुलीला दमा असेल, जन्मतः फुप्फुसाचा काही त्रास असेल, तर आधी मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तसंच करा. घरी सासूसासऱ्यांपैकी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर तो विचार वेगळा, तो मी तुमच्यासाठी करू शकत नाही. आणि उद्या लेहची पोस्टिंग आली तर माझं हे सगळं तसंच्या तसं लावू नका. शिमला 2,200 मीटरच्या आसपास आहे, लेह 3,500. तिथं जवानांनाही उंचीची सवय व्हायला सहा दिवस देतात, पहिले दोन दिवस नुसता आराम. शिमल्याला तसं काही लागत नाही.

शाळेची काळजी आत्ता करू नका, तीन वर्षांची आहे. पुढे केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना प्राधान्य असतं, आणि तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी हिवाळ्यातच येते, म्हणजे बर्फाचे दिवस तुमच्याकडेच.

क्वार्टरची यादी असते, तिच्यात नंबर लागायला वेळ जातो. मिस्टरांना आजच फोन करून अर्ज टाकायला सांगा.