पदवीला 52 टक्के असतील तर फायनान्समधलं मास्टर्स कुठून करावं?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम.ला 52 टक्के आहेत, मध्ये केटी लागल्या होत्या (काही विषय राहिले होते), तर इथेच एमबीए फायनान्स करावं की एका वर्षाच्या एमएससी फायनान्सला इंग्लंडला जावं, कारण तिकडची एक युनिव्हर्सिटी मार्क न बघता घेतेय.

ते 'मार्क न बघता घेतेय' वाचलं आणि लिहायला बसलो.

माझं मेकॅनिकल, शिवाजी विद्यापीठ, 54 टक्के, एम-थ्रीला, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताला, केटी. आमचे मामा म्हणजे विम्यातलं मोठं नाव, घरात त्यांच्या शब्दाला वजन. ते मला आणि बाबांना परदेशात प्रवेश करून देणाऱ्या पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत घेऊन गेले. लिफ्ट बंद होती. चौथा मजला. बाबा एसटीत कंट्रोलर, आमच्या दोघांच्या पुढे जिना चढून वर जाऊन उभे. आतल्या मॅडमनी माझ्या मार्कशीटवर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मार्कांचं टेन्शन घेऊ नका, एसओपीत कव्हर करू." एसओपी म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यायचं निवेदन. कसं, विचारलं. "लिहायचं की तिसऱ्या सेमिस्टरला वडील गंभीर आजारी होते, घरची सगळी जबाबदारी अंगावर आली."

वडील समोरच बसून चहा पीत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "आजार कुठला लिहिणार?" मॅडम म्हणाल्या, "किडनीचं चालतं."

बाबांनी कप खाली ठेवला आणि उठले. जिन्यात मामा त्यांच्या मागे, "अहो दाजी, सगळेच लिहितात, कोण बघायला येतंय?" बाबा एवढंच म्हणाले, "घर तारण माझं जाणार, आजारीही मीच पडायचं?" कारण कर्जाचा आकडा पंचवीस लाखांचा होता, आणि सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात 7.5 लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. त्या दिवसापासून मामांच्या मते मी करिअरची माती केली. लग्नात, बारशाला, तेराव्यालासुद्धा: "ऐकलं असतंस तर आज लंडनला असतास."

मामांना तेव्हा जे नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो. कमी मार्क प्रवेशाच्या वेळी आडवे येतात त्यापेक्षा जास्त प्लेसमेंटच्या वेळी येतात. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच बँका आणि कंपन्यांच्या जेडीखाली, म्हणजे नोकरीच्या वर्णनाखाली, एक ओळ असते: दहावी, बारावी, पदवी, तिन्हींना किमान 60 टक्के. मी एमबीएची राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, देऊन कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) पुण्यातल्या एका मधल्या फळीतल्या कॉलेजात गेलो, तर दुसऱ्या वर्षी अर्ध्या कंपन्यांच्या यादीत माझं नावच नसायचं. एमबीएला वर्गात पाचवा होतो, कोणी विचारलं नाही. म्हणून कॉलेज निवडताना ब्रोशरमधलं 'हायेस्ट पॅकेज' सोडा. प्लेसमेंट सेलला फोन करा, किंवा सरळ सीनियर मुलांना गाठून विचारा की गेल्या वर्षी आलेल्या किती कंपन्यांना थ्रूआउट साठ लागत होते.

नोकरी शेवटी कॅम्पसबाहेर लागली, एका एनबीएफसीत (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपनीत), क्रेडिटमध्ये, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही ते तपासायच्या कामाला. मुलाखतीत समोरच्या साहेबांनी एका साखर कारखान्याचा ताळेबंद पुढे टाकला आणि म्हणाले, कर्ज बघ केवढं आहे, द्यायचं का अजून? कर्ज खरंच छाती दडपेल एवढं होतं. पण मी सांगलीचा. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, म्हणजे 31 मार्चला गोदामं साखरेने भरलेली असतात आणि त्याच साखरेवर काढलेलं मालतारण कर्जही शिखरावर असतं. मी म्हटलं, साहेब, सप्टेंबरअखेरचे आकडे दाखवा, आणि शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, किती थकली आहे ते सांगा. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी द्यायची असा कायदा आहे. ती थकली असेल तर ताळेबंद कितीही गोंडस दिसो, रोख नाही. पुढचा तासभर आम्ही उसावरच बोलत होतो. एम-थ्रीचा विषयच निघाला नाही.

आता तुमचं. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत पदवीची पात्रता ओलांडली की गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते, 52 आणि 82 तिथे सारखेच. मुंबईतली जमनालाल बजाज, सिडनहॅमची मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट याच वाटेने मिळतात. बजाजसाठी पर्सेंटाइल 99.9 च्या घरात लागतो, तेव्हा हुरळूनही जाऊ नका. आयआयएमच्या मागे वर्ष घालवू नका. त्यातल्या बहुतेक ठिकाणी शॉर्टलिस्ट करताना दहावी, बारावी, पदवी सगळं मोजतात. शेअर बाजाराचीच आवड असेल तर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने काढलेल्या एनआयएसएम या संस्थेचा पाताळगंगेचा पीजीडीएम (मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा) बघा.

सीएफए, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा, तिची लेव्हल वन मात्र कराच. तिथे पदवी पुरते, टक्के कोणी विचारत नाही, आणि निम्म्याहून जास्त लोक नापास होतात, म्हणूनच पास झालेल्याला किंमत आहे. नोंदणीलाच लाखभर रुपये जातात, तरी तुमच्या इंग्लंडच्या फीपुढे ते चिल्लर आहेत. केटी स्टॅटिस्टिक्स किंवा मॅथ्समध्ये असतील तर हे आधी करा. कॉर्पोरेट लॉमध्ये वगैरे असतील तर त्या केटी विसरून जा.

इंग्लंड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. घरात पैसे पडून असतील तर जा, जग बघा. पण कर्ज काढून, अशा कोर्सला? शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबायची मुदत दोन वर्षांची होती, ती 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना 18 महिने केली आहे. तेवढ्यात व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची, आणि तिथला एचआर तुमची मार्कशीट मागणार नाही याची हमी तिकडे पाठवणारा एजंट देतो का? त्याला कमिशन युनिव्हर्सिटीकडून मिळतं का, हेही तोंडावर विचारा. मामा हे वाचत असतील तर त्यांनीही विचारावं, त्यांच्या धाकट्याची फाइल सध्या त्याच कन्सल्टन्सीत आहे म्हणे.

एक राहिलं. सीईटीच्या प्रवेशाला पदवीला 50 टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना 45. तुमचे 52 हे नुसत्या टी.वाय.चे (शेवटच्या वर्षाचे) आहेत की सगळी वर्षं धरून, ते मार्कशीट काढून आधी बघा. सी.जी.पी.ए. असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र आत्ताच काढून ठेवा. कागदपत्र तपासणी सुरू झाल्यावर विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहायची वेळ आणू नका.