प्लायवूडच्या दुकानातली मुलगी आणि तिचे तीन नाद

प्रश्न : आमचं कराडला प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीएम. मे महिन्यात मुंबईला मावशीकडे गेली आणि वांद्रे-माहीमच्या रंगवलेल्या भिंतींचे फोटो घेऊन आली. तेव्हापासून अभ्यास कमी आणि उद्योग जास्त. मुख्याध्यापकांना विचारून जुन्या शाळेची एक भिंत रंगवली. दुकानातल्या कटपीसमधून एक खुर्ची केली (डगमगत होती म्हणून खोलून पुन्हा जोडली). आता लिनोच्या मऊ शीटवर कोरून ठसे काढते, ओट्यावर शाईचे डाग पडतात. म्हणते, मला हे तिन्ही करायचंय. यातलं कुठलं शिक्षण मिळतं? पोट भरतं का? इंजिनिअरिंग करून हे छंद म्हणून ठेवलं तर काय बिघडतं? आणि तिच्या आईचं म्हणणं, मुलीच्या जातीने रस्त्यावर परांचीवर चढायचं कसं? – एक वडील, कराड

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. पहिली खुर्ची कुणाचीही डगमगते. ती कोपऱ्यात सारून नवीन काहीतरी सुरू करणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. खोलून पुन्हा जोडणारी कमी येतात. या पत्रावरून मला तुमच्या मुलीबद्दल एवढं एकच खात्रीने कळलं, आणि पुढचं उत्तर मी त्याच आधारावर देतोय.

आधी एक घोळ निस्तरू. ती ज्या तीन गोष्टींची नावं घेते, त्या एका जातीच्या नाहीत. फर्निचर डिझाइन हा रीतसर पदवी आणि नोकऱ्या असलेला व्यवसाय आहे. प्रिंटमेकिंग, म्हणजे तिचं ते कोरून ठसे छापणं, ही कला महाविद्यालयात शिकवली जाणारी विद्या आहे, तिच्या एकटीच्या जोरावर नोकरी क्वचित मिळते. आणि स्ट्रीट आर्टची आपल्याकडे पदवीच नाही. नाही ते बरंच आहे, असं माझं मत. त्यामुळे ‘तिन्हींपैकी कुठलं’ हा प्रश्न ॲडमिशनपुरता तरी तेवढा अवघड राहत नाही.

भिंतींपासून सुरुवात करतो, कारण तिला नाद तिथून लागला. वांद्र्यात चॅपल रोडवरची अनारकली किंवा रिक्लेमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके तिने पाहिले असतील, तर ते रणजित दहिया यांचं काम आहे. हे गृहस्थ हरियाणाचे. भिंतींना चुना मारण्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली, मग चंदिगडच्या कला महाविद्यालयात शिकले आणि पुढे अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. म्हणजे भिंतीवर पोचायच्या आधी त्यांच्यामागे चित्रकला आणि डिझाइन या दोन्हींचं पक्कं शिक्षण होतं. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी वसाहतीच्या भिंतींवर स्टार्ट इंडिया फाउंडेशनने देशी-परदेशी चित्रकारांकडून कामं करून घेतली आहेत. माहीम पूर्वच्या भिंतीही त्याच संस्थेच्या पुढाकारातल्या. ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी हनीफ कुरेशी बडोद्याला शिकले. फ्लेक्सने ज्यांचा धंदा बसवला त्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे कॉम्प्युटरवरचे फाँट करण्याचा उद्योगही त्यांनी केला. २०२४ मध्ये ते गेले.

लोधी कॉलनीतल्या एका कामाबद्दल मात्र तिला आवर्जून सांगा. ‘डाकू’ या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकाराने तिथे भिंतीला काटकोनात अक्षरं बसवली आहेत. ऊन पडलं की त्यांची सावली भिंतीवर उतरते आणि शब्द वाचता येतात. सूर्य सरकतो तशी सावली लांबते, तिरपी होते, संध्याकाळी नाहीशी होते. विषय अर्थातच काळ. यात चित्र काढण्याचं कौशल्य जवळजवळ नाहीच. ऊन कुठून येतं, अक्षर किती बाहेर काढायचं, पत्रा वाऱ्यात टिकेल का, हे सगळं गणित आहे. भिंतीवर मोठं आणि छान चित्र काढता येणं वेगळं, आणि भिंत, रस्ता, ऊन, जाणारी-येणारी माणसं यांचा विचार करणं वेगळं. पहिलं येणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. दुसऱ्याला मागणी आहे.

पैशाचं म्हणाल तर भिंतीचं काम बहुतेक चौरस फुटावर ठरतं. हॉटेलं, शाळा, कंपन्यांची ऑफिसं काम देतात. परांची, प्रायमर, रंग आणि मदतनीस यांचा खर्च कोणाच्या माथी हे आधी कागदावर ठरलं नाही, तर महिनाभर राबून हाती फक्त फोटो उरतात. तुम्ही व्यापारी आहात, कोटेशन आणि ॲडव्हान्स या दोन गोष्टी तिला तुमच्याइतक्या चांगल्या कुठलं कॉलेज शिकवणार नाही. परवानगीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे, आणि सुंदर चित्र त्यातून आपोआप सुटत नाही. तिने मुख्याध्यापकांना आधी विचारलं, हे योग्यच केलं.

तिच्या आईंना सांगा, दिल्ली पोलिसांच्या तेव्हाच्या मुख्यालयावर २०१४ साली गांधीजींचं प्रचंड चित्र झालं, ते जर्मन चित्रकार हेंड्रिक बायकिर्श यांच्याबरोबर अनपू वर्की या बाईंनी केलं. काळजी चुकीची नाही, पण ती मुलगी असण्याची नको, उंचीची असू द्या. हार्नेस, हेल्मेट, स्प्रे वापरताना योग्य मास्क, आणि एकटीने काम न करणं. हे मुलालाही इतकंच लागू आहे.

आता लिनोचे ठसे. याबद्दल घरोघर गैरसमज आहे की हे काहीतरी परदेशी फॅड. तुमच्या आजीच्या देवघरात छापील लक्ष्मी-सरस्वती असेल, तर तुमचं घर प्रिंटमेकिंगला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतं. पुण्यात चित्रशाळा हा छापखाना १८७८ मध्ये सुरू झाला, राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ते काम दगडावरच्या छपाईचं, शिळाप्रेसचं. तुमची मुलगी वापरते त्याच लिनोवर नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेतले काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरले. काळं-पांढरं, मोजक्या रेषा. तिने ते चित्र समोर ठेवून नुसतं पाहावं, कुठे कोरलं आणि कुठे कोरायचं टाळलं ते.

आणि सायन्सची मुलगी आहे म्हणून कृष्णा रेड्डी यांच्याबद्दल सांगतो. शांतिनिकेतनात शिकलेले हे आंध्रचे चित्रकार पॅरिसला हेटर या प्रिंटमेकरच्या स्टुडिओत गेले आणि तिथे एकाच प्लेटवरून एका दाबात अनेक रंग छापण्याची रीत विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. प्लेट वेगवेगळ्या खोलीला कोरायची. शाईत तेल कमी-जास्त करून काही शाया घट्ट, काही पातळ ठेवायच्या. कडक रोलर फक्त वरच्या पातळीला टेकतो, मऊ रोलर खोलात शिरतो, आणि तेलाच्या फरकामुळे शाया एकमेकींत मिसळायला नकार देतात. विस्कॉसिटीचा, म्हणजे द्रवाच्या घट्ट-पातळपणाचा, धडा बारावीलाही असतोच. तो तिला फिजिक्सच्या पुस्तकात कंटाळवाणा वाटत असेल, तर इथे वाटणार नाही.

प्रिंटमेकिंग नीट शिकायचं तर शांतिनिकेतनच्या कलाभवनात आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहेत, मुंबईच्या जे. जे. मध्येही सोय आहे. बडोद्यात ‘छाप’ नावाची कार्यशाळाही आहे. पण नुसत्या प्रिंट विकून घर चालवणारे फार थोडे. बाकीचे शिकवतात, पुस्तकांची चित्रं करतात, इतर कलाकारांच्या प्रिंट काढून देतात. चेन्नईचं तारा बुक्स हाताने स्क्रीन प्रिंट केलेली पुस्तकं काढून जगभर विकतं, पण असे प्रकाशक आहेत किती?

फर्निचरकडे मी मुद्दाम शेवटी आलो. तुमचं दुकान आहे म्हणून ‘मग काय, घरचाच धंदा’ असं तुम्ही म्हणाल, आणि तिला नेमकं तेच ऐकायचं नसेल. तेव्हा जपून. ॲल्युमिनियमचं हँडल आणि सनमायका यांच्या पलीकडे इथे काय चाललंय ते तिला बघू द्या. दिल्लीच्या गुंजन गुप्ता यांनी सायकल आणि तिच्यावर लादलेली पोती यांतून ‘बोरी सायकल थ्रोन’ केली : रस्त्यावरचा भार वाहणारी सायकल, आणि वर सिंहासन. संदीप संगारू हे एनआयडीतूनच फर्निचर शिकलेले, त्यांनी बांबूच्या बारीक काड्यांतून पुलाच्या कैचीसारखी रचना करून फर्निचर उभं केलं. चंदिगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सागवान-वेताच्या खुर्च्या एके काळी भंगारात गेल्या, आता वास्तुकार पिअर जनरे यांच्या नावाने परदेशातल्या लिलावात चढ्या भावाने विकल्या जातात. आणि बांबूसाठी लांब जायला नको, कुडाळला बांबूवर काम करणारी कॉनबॅक ही संस्था आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन जा, कोकणही होईल.

तिच्याकडे एक भांडवल आहे, जे शहरातल्या डिझाइनच्या मुलांकडे नसतं. आठ बाय चारच्या शीटमधून किती तुकडे निघतात, कुठली प्लाय पावसाळ्यात फुगते, कोणता स्क्रू कडेला मारला की पापुद्रा सुटतो, हे तिने लहानपणापासून गल्ल्यामागे बसून ऐकलंय. मुलाखतीत हे बोलली तर समोरचे कान टवकारतील. फक्त तुमच्या मिस्त्रींच्या हाताखाली तिला काही दिवस बसू द्या. रंधा, पटाशी, गुण्या हातात घेऊन, स्क्रूशिवाय लाकडात लाकूड अडकवून एक सांधा स्वतः करू दे. मिस्त्री कंटाळतील, त्यांची मजुरी बुडवू नका.

तीन गोष्टी एकाच माणसाने केल्याचा पुरावा हवा असेल तर तुमच्या शेजारीच आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मिस्त्री, कारागिराच्या घरातले. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पोस्टरं केली, शिल्पं केली आणि कॅमेरा स्वतः बांधून सिनेमे काढले. पुढच्या काळात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी भित्तिचित्रं, मुद्राचित्रं (म्हणजे प्रिंट) आणि खेळणी अशी सगळी कामं केली. तेव्हा ‘तिन्ही’ म्हणणं हा पोरकटपणा नाही. पदवी मात्र एक निवडावी लागते.

माझा कौल फर्निचरला, एनआयडीच्या मार्गाने. तिथल्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, बारावी कुठल्याही शाखेची चालते, पहिलं वर्ष सगळ्यांना सामाईक पायाभूत असतं, आणि अहमदाबादला फर्निचर अँड इंटिरिअर डिझाइन हा विषय पुढे घेता येतो. प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांची, दुसऱ्यात हाताने घडवून दाखवावं लागतं. सोबत यूसीड ही प्रवेशपरीक्षा द्यावी, तिच्यावर आयआयटी मुंबईच्या बी.डेस.चा प्रवेश असतो. तिथे फर्निचर असं वेगळं नाही, पण वस्तू डिझाइन करण्याचा पाया पक्का होतो. यूसीड दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत, म्हणून ‘सहज बसून बघ’ म्हणून एक संधी घालवू नका. दोन्हीकडे स्पर्धा तीव्र आहे. हाताशी म्हणून राज्याची एएसी-सीईटी द्यावी, त्यातून राज्यातल्या कला महाविद्यालयांच्या बीएफएची, म्हणजे कलेच्या पदवीची, दारं उघडतात. खर्चाच्या बाबतीत सरकारी कला महाविद्यालय एनआयडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं, हे लपवत नाही.

इंजिनिअरिंगचं विचारलंत. तो रस्ता खोटा नाही. मेकॅनिकल करून सीड ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.डेस.ला, डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, गेलेली मुलं आहेत. पण त्यासाठी तिला चार वर्षं इंजिनिअरिंग मनापासून करावं लागेल. ‘आधी हे उरकून घे’ म्हणून धाडलेली मुलं दोन्हीकडे अर्धवट राहतात, हे मी पुरेसं पाहिलंय. तिला विचारा, ओरडून नको.

अजून निवड होत नसेल तर एक काम द्या. तीच खुर्ची, अगदी तशीच, आणखी तीन करायच्या. आणि एका लिनोवरून वीस प्रिंट काढायच्या, एकसारख्या, खाली १/२० ते २०/२० असा क्रमांक घालून. दोन्ही कामं दुसऱ्या दिवसापासून कंटाळवाणी होतात. कुठल्या कामात ती तोंड वाकडं करूनही चूक शोधत बसते आणि कुठल्यात ‘चालतंय’ म्हणते, ते बघा. ‘चालतंय’ जिथे आलं तो तिचा छंद. खुर्च्यांत आलं आणि प्रिंटमध्ये नाही, तर माझा वरचा कौल बाजूला ठेवून बीएफए धरा. या सगळ्याची कच्ची रेखाटनं, चुकलेली मापं, फसलेल्या प्रिंट एका वहीत तारखेने ठेवायला सांगा. पुढे पोर्टफोलिओ करायचा झाला की ती वही उपयोगी पडेल.

एनआयडी आणि यूसीडचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात, नेमक्या तारखा दोघांच्या संकेतस्थळांवरच पाहा. दलालांचे मेसेज धरू नका. आणि कोचिंगचे पैसे भरण्याआधी जुने पेपर तिने घरी एकदा सोडवून बघावेत.