एक चेकमध्ये विचारतो, दुसरा स्लोवाकमध्ये सांगतो

प्रश्न : ताई, माझा मुलगा स्लोवाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लावाला, गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. सून बाळंत झाली तेव्हा मी तीन महिने तिथे राहून आले. रात्री नातवाला मांडीवर थोपटत टीव्हीसमोर बसायचे. गाण्याची स्पर्धा लागायची, अगदी आपल्या 'इंडियन आयडल'सारखी. शब्द एक कळायचा नाही, पण सूर तर कळतात. एकदा मुलगा म्हणाला, "आई, तो परीक्षक चेक बोलतोय आणि शेजारचा स्लोवाक." मी थक्क झाले. खाली भाषांतराची पट्टीसुद्धा नव्हती! यांना एकमेकांचं कळतं कसं? एवढं कळतं तर एका चेकोस्लोव्हाकियाचे देश दोन का केले? आणि चेक लोक संख्येने दुप्पट आहेत म्हणे, मग स्पर्धेच्या मतदानात स्लोवाक पोरांचा निभाव कसा लागतो?
– एक आजी, मिरज

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि परत काउंटरवर येऊन बसले. मी ब्रनोला एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. समोर पहिलीच मुलगी उभी होती, तिने स्लोवाकमध्ये पुस्तक मागितलं. मी चेकमध्ये सांगितलं की ते बाहेर गेलंय, गुरुवारी येईल. ती मान हलवून गेली. दोघींपैकी कोणीही भाषा बदलली नाही. दिवसातून असं वीसेक वेळा तरी होतं. ब्रनो हे चेक प्रजासत्ताकातलं दुसरं मोठं शहर, पण प्रागपेक्षा ब्रातिस्लावाच आम्हाला जवळ, १३० किलोमीटरवर. इथे शिकणारी स्लोवाक मुलं परीक्षेचा पेपरसुद्धा आपल्या भाषेत लिहू शकतात.

तुम्ही पाहिलीत ती 'चेस्को स्लोव्हेन्स्का सुपरस्टार'. 'इंडियन आयडल'सारखी वाटली, कारण दोघींचं मूळ एकच, २००१ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली 'पॉप आयडल'. त्याच साच्यातून आपल्याकडे अभिजीत सावंत पुढे आला. इकडे आधी दोन्ही देशांच्या स्पर्धा वेगळ्या होत्या. चेकांची २००४ साली सुरू झाली, पहिली विजेती आनेता लांगेरोव्हा. स्लोवाकांचीही पाठोपाठ आली. देशाचं नाव सोडलं तर स्पर्धांच्या नावांत फरक एका शब्दाचा आणि तोही किती बारीक! 'शोधतो' याला चेक 'ह्लेदा' म्हणतात आणि स्लोवाक 'ह्ल्यादा'. २००९ साली प्रागची नोव्हा आणि ब्रातिस्लावाची मार्कीझा या वाहिन्यांनी मिळून एकच स्पर्धा घेतली. दोन्ही वाहिन्यांचा मालक एकच होता, तेव्हा दोन मांडव घालण्यापेक्षा एक मोठा घालणं त्याच्या सोयीचं. कारण व्यवहाराचं असेल, पण त्यातून माझ्या घरात जे घडलं ते व्यवहाराचं नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, जन्म ब्रनोचाच. सूत्रसंचालनाला लेओश मारेश हा चेक आणि आदेला बानाशोव्हा ही स्लोवाक, अशी जोडी. पहिल्याच रात्री मुलीने विचारलं, "आई, ही बाई अशी का बोलते?" मला धक्का बसला. शेजारचे आजोबा, माझ्या नवऱ्याचे सहकारी, दुकानातल्या बायका, या सगळ्यांना स्लोवाक आपसूक कळायची. मी इथे आले तेव्हा माझाही समज झाला होता की ही भाषा इथल्या पाण्यातच आहे.

ती पाण्यात नव्हती, कानांत होती. चेकोस्लोव्हाकिया एक असताना टीव्हीवर दोन्ही भाषा आलटून पालटून यायच्या. बातम्या देणारा आज चेक तर उद्या स्लोवाक, आणि सामन्याचं समालोचनही दोघं वाटून घ्यायचे. कोणी शिकवत नव्हतं, लोक ऐकत होते. ३१ डिसेंबर १९९२ च्या मध्यरात्री देश वेगळे झाले आणि चेक घरांतून स्लोवाक बोलणं हळूहळू कमी झालं. उलट दिशेने तसं झालं नाही. स्लोवाक मुलांच्या कानांवर चेकमध्ये रूपांतरित केलेले सिनेमे आणि परीकथा पडत राहिल्या, चेक पुस्तकं दुकानांत मिळत राहिली. म्हणून आज स्लोवाक पोराला चेक कळते, पण चेक पोराला स्लोवाक अडते. माझ्या मुलीसारख्या कितीतरी मुलांना दर आठवड्याला तासन्‌तास स्लोवाक ऐकायला मिळाली ती या स्पर्धेमुळे. पट्टी दिली नाही ते फार बरं केलं. दिली असती तर सगळी वाचत बसली असती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक परिचारिका राहते, मूळची स्लोवाकियाच्या पूर्व टोकाच्या कोशित्से शहरातली. स्पर्धा बघायला ती वर आमच्याकडे यायची. एकदा तिने मुलीला सांगितलं, "तुझी सायकल पिव्हनित्सात ठेवलीय." पोरगी रडवेली झाली. चेकमध्ये 'पिव्हनित्से' म्हणजे बिअरचा गुत्ता, स्लोवाकमध्ये 'पिव्हनित्सा' म्हणजे तळघर. आपण हिंदीभाषक माणसाला 'शिक्षा' म्हटल्यावर होतो तसलाच घोटाळा. 'खुदी' हा शब्दही तसाच, चेकमध्ये गरीब आणि स्लोवाकमध्ये बारीक अंगाचा. असे दहा-बारा अडसर ओलांडले की पुढचा रस्ता सपाट आहे. गोव्याची मैत्रीण कोंकणीत बोलते आणि तुम्ही मराठीत उत्तर देता, तेव्हा दोघींना जेवढे कष्ट पडतात तेवढेच. डिसेंबर येईपर्यंत माझी मुलगी "असं का बोलते" विचारायची थांबली होती आणि बानाशोव्हाची वाक्यं तिच्यासारखीच म्हणून दाखवत होती.

देश दोन का केले, याचं उत्तर मी थोडक्यात देते, कारण ते माझ्या आवाक्यापेक्षा मोठं आहे. १९९२ च्या निवडणुकीनंतर चेकांचे क्लाउस आणि स्लोवाकांचे मेचियार यांचं देश कसा चालवायचा यावर जमेना, आणि पुढाऱ्यांनी बसून वाटणी केली. लोकांचा कौल घेतलाच नाही. गोळी मात्र एकही सुटली नाही. राष्ट्रगीताचं काय झालं तेवढं सांगते. आधी चेक कडवं आणि लगेच स्लोवाक, असं ते सलग वाजायचं. वाटणीत ज्याने त्याने आपापलं कडवं नेलं. माझी शेजारीण शाळेत दोन्ही म्हणत होती. ती सांगते की अजून चेक कडवं संपलं की पुढचं सुरू व्हायची ती वाट बघते.

आता मतदान. तुमचा हिशेब बरोबर आहे. चेक १ कोटी ५ लाखांच्या आसपास आणि स्लोवाक ५४ लाख. शिवाय जोडस्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी, २००९ च्या १ जानेवारीला, स्लोवाकियात युरो आला, त्यामुळे एकाच गायकाला मत देताना इकडचा माणूस कोरुना मोजायचा आणि तिकडचा युरो. पहिल्या वर्षी शेवटी दोघं उरले, ओस्ट्रावा या चेक शहराच्या बाजूचा मार्टिन खोदूर आणि कोशित्सेचा मिरोस्लाव श्मायदा. शेजारणीचा जीव अर्थातच श्मायदात. जिंकला खोदूर. तुमच्यासारखाच विचार तिनेही त्या रात्री बोलून दाखवला, "आमची डोकी कमी, आम्ही कशाला जिंकतोय?"

पण २०११ मध्ये उलटं झालं. शेवटच्या दोघांत चेक गाब्रिएला गुन्चीकोव्हा होती, काय ताकदीचा आवाज! तरी स्लोवाक लुकाश अदामेत्स जिंकला. पुढे २०१३ ला चेक साबिना क्रझोव्हाकोव्हा, २०१५ ला स्लोवाक एम्मा द्रोब्ना, २०१८ ला चेक तेरेझा माश्कोव्हा, आणि मग २०२० ला बार्बोरा पिएशोव्हा आणि २०२१ ला आदाम पावलोव्हचिन, दोघंही स्लोवाक. सात पर्वांत चार वेळा लहान देशाचा गायक. पुरेशा चेक लोकांनी झेंडा न बघता मत दिल्याशिवाय हे कसं घडेल? माझ्याकडे पुरावा एकच आहे, तो घरचा. २०११ मध्ये माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने खाऊचे पैसे मोडून अदामेत्सला संदेश पाठवले. मी विचारलं, गुन्चीकोव्हाला का नाही? ती म्हणाली, "तो गाताना माझ्याकडे बघतो."

हे नवीनही नाही. जुन्या चेकोस्लोव्हाकियात वाचकांच्या मतांवर 'सोनेरी बुलबुल' हा गायकांचा मान ठरायचा आणि तो वर्षानुवर्षं प्रागच्या कारेल गॉटकडे जायचा. १९८२ साली लोकांनी ब्रातिस्लावाच्या मिरो झ्बिर्काला निवडलं. तेव्हाही चेकच जास्त होते.

दुसरे आले म्हणून गुन्चीकोव्हा आणि श्मायदा मागे पडले असं मात्र समजू नका. श्मायदा २०१२ मध्ये युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेला, स्लोवाकियाकडून गेला. २०१६ मध्ये गुन्चीकोव्हा चेकांकडून गेली आणि त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली चेक गायिका. ती रात्र आम्ही आणि शेजारीण एकत्रच जागलो.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा मुलाला भाषांतर विचारू नका, नुसतं ऐका. तारीख सांगितली की कान द्या. सप्टेंबरला 'सेप्टेंबेर' म्हटलं तर बोलणारा स्लोवाक, 'झार्झी' म्हटलं तर चेक. त्या 'झार्झी'तला 'र्झ' म्हणजे र आणि झ एकाच श्वासात, जीभ थरथरत ठेवून. हा उच्चार स्लोवाकमध्ये नाहीच. नातू तिथल्या बालवाडीत जात असेल तर त्यालाही तो अवघड जाईल. आमची शेजारीण पंचवीस वर्षं ब्रनोत राहतेय, रुग्णालयात रोज चेक माणसांची शुश्रूषा करते, आणि अजून साधा र म्हणते. तिला तो बदल म्हणून इथे आजवर कोणी सांगितलेलं नाही.