कृषी सल्ला : परसबागेला एकराचा डोस देऊ नका

कुंडी, मातीचा वाफा, पाण्यावरची शेती (हायड्रोपोनिक्स) आणि मासे-भाजी एकत्र, अशा सगळ्या प्रकारच्या घरगुती लागवडीबद्दल प्रश्न आले आहेत. बहुतेक ठिकाणी बिघाडाचे कारण एकच आहे : दुकानात सांगितलेली मात्रा घरी न मोजता टाकली. सर्वांत तातडीचा प्रश्न आधी घेतो.

प्रश्न : 500 लिटरच्या टाकीत मासे आणि वर खडीच्या वाफ्यात पालक, टोमॅटो आहेत. शेंड्याची पाने पिवळी पडली म्हणून कृषी सेवा केंद्रातून सांगितल्याप्रमाणे 250 ग्रॅम 19:19:19 (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम समान असलेले विद्राव्य खत) टाकले. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, काही मेले. (नाशिक जिल्हा)

जिवंत मासे ताबडतोब दुसऱ्या ड्रममध्ये हलवा. त्यात विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी घ्या, हवेचा पंप लावा आणि दोन दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवा. नळाचे क्लोरीनचे पाणी असेल तर ते एक-दोन दिवस उघडे ठेवल्याशिवाय वापरू नका. टाकीतले पाणी फेकू नका, नारळ-आंब्याच्या आळ्यात द्या, तिथे ते खतच आहे. वाफ्यातून एकदा स्वच्छ पाणी फिरवून तेही काढून टाका आणि मग टाकी भरा. खडी ब्लीचिंग पावडरने किंवा नळाच्या पाण्याने धुऊ नका. तिच्यावर बसलेले जिवाणू मेले तर पुन्हा महिना-दीड महिना थांबावे लागेल. तपासणी संचावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग तीन दिवस लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या आत राहिले की मासे परत सोडा. मासे सोडताना 500 लिटरला 500 ग्रॅम साधे जाडे मीठ टाका. अशा धक्क्यानंतर नायट्राइट चढतो आणि माशांचे रक्त तपकिरी पडते. मिठातला क्लोराइड ते रोखतो.

आता झाले काय ते पाहा. 19:19:19 मधले निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असते, खताच्या वजनाच्या साडेचार टक्के अमोनियाच्या रूपात आणि उरलेले थोडे नायट्रेटच्या. 250 ग्रॅममधून 500 लिटर पाण्यात लिटरला साधारण 22 मिलिग्रॅम अमोनिया नत्र लगेच आले, आणि युरिया फुटल्यावर आणखी 52 येणार. माशांच्या टाकीत हा आकडा 1 च्या आत हवा. त्यात आपल्याकडचे बोअरचे पाणी कडक, सामू (पीएच) बहुधा 8 च्या आसपास. सामू 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मासे रोगाने मेलेले नाहीत. कोणी अँटिबायोटिक विकायला लागले तर घेऊ नका.

मूळ तक्रार नत्राची नव्हतीच. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. नत्र कमी असते तेव्हा आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात. माशांच्या खाद्यातून नत्र भरपूर येते. लोह, पालाश आणि कॅल्शियम मात्र कमी पडतात. लोहासाठी ईडीडीएचए प्रकारचे 6 टक्के चिलेटेड (पाण्यात विरघळलेले राहील असे बांधलेले) लोह 500 लिटरला 17 ग्रॅम टाका, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम लोह मिळते. पाणी लालसर होईल, घाबरू नका. तीन-चार आठवड्यांनी पाने पाहून पुन्हा द्या. दुकानात बहुधा ईडीटीए प्रकारचे लोह पुढे करतील, ते स्वस्त पडते. पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) तर गंजासारखा गाळ होऊन तळाला बसतो.

पुन्हा सांगतो : मासे असलेल्या पाण्यात युरिया नाही, 19:19:19 नाही, डीएपी नाही, मोरचूद नाही, बोर्डो नाही. मोरचूद-बोर्डोतले तांबे माशांना फार थोड्या मात्रेतही मारते. जीवामृतही टाकीत ओतू नका, ते पाण्यातला प्राणवायू खाते. वरच्या पिकावर सायपरमेथ्रीन किंवा लॅम्बडा-सायहॅलोथ्रीन असलेले कोणतेही औषध फवारू नका. पानावरून गळलेले थेंबही टाकीला पुरतात. मावा, पांढरी माशी आली तर पिवळे चिकट सापळे लावा, शेंडे पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, जास्त झाल्यास रोप उपटा. निंबोळी अर्कसुद्धा इथे चालत नाही.

या पद्धतीत झाडाचे खत म्हणजे माशाचे खाद्य, दुसरे काही नाही. एक चौरस मीटर पालेभाजीला रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य पुरते. मोठे मासे रोज वजनाच्या एक-दोन टक्के खातात, म्हणजे 5 किलो माशांवर एक चौरस मीटर पालेभाजी निघते. 500 लिटरला 5 किलोच्या वर जाऊ नका. दुकानदार मोठा आकडा सांगेल. त्याच्या हिशोबात रात्री वीज गेल्यावर काय होते ते धरलेले नसते. हवेचा पंप इन्व्हर्टरवर असलाच पाहिजे. अर्ध्या तासात न संपलेले खाद्य जाळीने काढा.

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांत मिरची-टोमॅटो आहे. पानांच्या कडा जळतात, फुले गळतात. दुकानदार दर आठवड्याला प्रत्येक कुंडीत दोन चमचे युरिया आणि वर टॉनिक द्यायला सांगतो. (लातूर जिल्हा)

दोन चमचे म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. 12 इंची कुंडीच्या तोंडाच्या क्षेत्रावर हिशोब मांडला तर ही मात्रा एकरी सुमारे सव्वाबारा गोण्या युरिया होते, तीही 45 किलोच्या. शेतात कोणी असे करेल का? कुंडीत मात्र दर आठवड्याला होते आहे. कडा जळणे हे क्षार साचल्याचे लक्षण आहे आणि त्यावर टॉनिक देणे म्हणजे आणखी क्षार देणे.

सगळी खते बंद करा. प्रत्येक कुंडीत तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून खालच्या छिद्रातून वाहू द्या, दोन दिवसांनी पुन्हा तेच करा. नंतर पंधरा दिवस फक्त पाणी. नवीन फूट हिरवी आली की 15 इंची कुंडीला महिन्याला 100 ते 150 ग्रॅम गांडूळ खत, बस. खाली ताटली ठेवत असाल तर काढा, निचरलेले क्षार तिच्यातूनच परत वर चढतात.

कुंडी नव्याने भरताना नुसती काळी माती नको. ती भिजली की चिकटते, वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी कडेने निघून जाते. पोयट्याची माती दोन घमेली, चांगले कुजलेले खत एक, कोकोपीट किंवा भाताचे तूस एक, आणि मोठ्या कुंडीला 50 ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी दोन-तीन वेळा काढून टाका, स्वस्त मालात मीठ फार असते. ताजे शेण घातले तर हुमणी येते आणि मुळेही भाजतात.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा डाग पडतो अशीही तक्रार आहे. दुकानात त्यावर कॅल्शियमची बाटली मिळते. डाग कॅल्शियम न पोहोचल्याने पडतो हे खरे, पण ते पोहोचत नाही याचे कारण बहुधा पाण्यातला खंड असतो. कुंडी आज कोरडी आणि उद्या तुडुंब अशी ठेवू नका.

प्रश्न : घरामागे जागा आहे. माती, हायड्रोपोनिक्स की मासे, कुठून सुरुवात करावी? (सातारा जिल्हा)

जागा असेल तर मातीपासून, यात दुमत नको. 4 फूट रुंद, 10 फूट लांब वाफा करा. त्याहून रुंद केला तर मध्ये हात पोहोचत नाही, पाय पडतो आणि माती घट्ट होते. जमीन वीतभर मोकळी करून 30 किलो कुजलेले खत मिसळा, वाफा जमिनीपासून 8-9 इंच उंच ठेवा. रोपे लागली की उसाचे पाचट किंवा पालापाचोळा दोन-तीन इंच अंथरा, खोडापासून दोन बोटे अंतर सोडून. आच्छादन टाळू नका. उन्हाळ्यात पाणी वाचते, तण दबते, पावसाच्या माराने माती पानांवर उडत नाही, त्यामुळे करपाही कमी होतो. पाचट कुजले की वर नवा थर द्या, ते खोदून मातीत गाडू नका.

किडीला 5 टक्के निंबोळी अर्क : 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडली तर तो विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते. त्याला औषध नाही, झाड उपटून जाळा. ‘कीड हमखास उतरते’ म्हणून कोणी प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन हातात दिले तर परत करा. घरची भेंडी एक दिवसाआड तोडली जाते, औषधाचा काढणीपूर्व काळ कोण पाळणार? मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर वापरायला बंदीच आहे.

पुढे मासे केलेच, तर टाकीच्या तळाचे गढूळ पाणी याच वाफ्याला द्या.

प्रश्न : पाइपच्या हायड्रोपोनिक्समध्ये लेट्यूस आणि पालक हिवाळ्यात छान आला. मार्चनंतर मुळे तपकिरी होऊन कुजतात. संच विकणारा म्हणतो ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) वाढवा. (अमरावती जिल्हा)

ईसी वाढवू नका, कमी करा. उन्हात झाड पाणी जास्त ओढते, मीठ मागे राहते आणि ईसी आपोआप चढत जातो. पालेभाजीला हिवाळ्यात 1.4 ते 1.6 चालतो, मार्चपासून 1.0 ते 1.2 वर आणा. मुळे कुजतात ती उष्णतेने. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात, आणि गरम पाण्यात मुळांना तो लागतोही जास्त. मग पिथियम बुरशी घुसते. पाइप पांढरे रंगवा, टाकी सावलीत किंवा जमिनीत पुरा, वर 50 टक्क्यांची शेडनेट लावा. एवढे करूनही विदर्भाच्या एप्रिल-मेमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडा. लागवड ऑक्टोबर मध्यापासून करा आणि फेब्रुवारीअखेर आवरा. उन्हाळ्यात वाफ्यावर माठ, तांदुळजा, अंबाडी घ्या.

पाइपपेक्षा उथळ टाकीत थर्माकोलच्या पाटावर रोपे तरंगती ठेवलेली बरी. वीज गेली की पाइपमधली मुळे उन्हात तासा-दोन तासांत वाळतात, तरंगती रोपे दिवस काढतात.

‘हायड्रोपोनिक पावडर’ म्हणून मिळणारी पुडी बऱ्याचदा 19:19:19 च असते. तिच्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. द्राक्ष-डाळिंब करणाऱ्यांच्या घरात चांगली विद्राव्य खते पडलेली असतात, तीच वापरा. 100 लिटरला कॅल्शियम नायट्रेट 70 ग्रॅम, 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) चे 40 ग्रॅम, 00:52:34 (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) चे 15 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 40 ग्रॅम, ईडीटीए लोह 2 ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण 1 ग्रॅम. इथे सामू 5.5 ते 6.5 ठेवायचा असल्याने ईडीटीए चालते. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा आणि सर्वांत शेवटी, भरलेल्या टाकीत ओता. 00:52:34 किंवा सल्फेटबरोबर एकाच बादलीत घातले तर दुधासारखा साका होतो आणि खत तळाला जाते. विहिरीच्या पाण्याचाच ईसी 0.8 असेल तर वरची मात्रा निम्मी करा. ईसी मीटर घेतल्याशिवाय ही शेती करू नका. संचावर खर्च करून मीटरवर वाचवणारे जागोजागी आहेत.

प्रश्न : गच्चीवर 1000 लिटरचा मासे-भाजी संच बसवायचा आहे. विक्रेता म्हणतो आठ दिवसांत मासे सोडा, थाई मांगूर घ्या, अनुदान मिळवून देतो. (पुणे जिल्हा)

तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

आधी वजन. 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन. वापराच्या सपाट छताला चौरस मीटरला 150 किलो जादा भार धरलेला असतो, आणि फूटभर पाणीच 300 किलो होते. खडीचा वाफा त्याहून जड. संरचना अभियंत्याचे लेखी मत नसेल तर टाकी जमिनीवरच ठेवा.

आठ दिवसांत जिवाणू बसत नाहीत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे दोन वेगळे गट असतात, दुसरा उशिरा येतो. चार ते सहा आठवडे धरा, थंडीत जास्त. सुरुवातीला 1000 लिटरला 10-12 बोटुकली, चिमूटभर खाद्य आणि दोन दिवसाआड तपासणी. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, शेवटी दोन्ही उतरून नायट्रेट दिसेल. त्यानंतरच माशांची संख्या वाढवा. वाफा फूटभर खोल, खडी 12 ते 20 मिलिमीटर. आपली काळी खडी चांगली, पण धूळ पूर्ण धुवा आणि मूठभर खडीवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर त्या खडीत चुना आहे, घेऊ नका. सामू कायम चढा राहील. पंपाने टाकीचे पाणी तासाला एकदा फिरले पाहिजे. पंपाची क्षमता तुमच्या वाफ्याच्या उंचीला किती भरते ते पाहा, खोक्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो.

थाई मांगुराच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे. सापडले तर साठा नष्ट केला जातो आणि तुमचे पैसे जातात. गिफ्ट तिलापिया या जातीच्या माशाला परवानगी लागते. रोहू-कटला या टाकीत नीट वाढत नाहीत. घरच्या संचाला कोय किंवा गोल्डफिश ठेवा, भाजी तेवढीच येते.

अनुदान : प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पात्र घटकाला सर्वसाधारण 40 टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के असा आकृतिबंध आहे. घटक, मर्यादा आणि चालू वर्षाचा निधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः विचारा. पूर्वमंजुरीआधी खरेदी करू नका आणि विक्रेत्याच्या हातात कागदपत्रे देऊ नका. बीज घेताना पावतीवर माशाची जात लिहून घ्या.