बॉनफायर नाइट हा मुळात सॅमहेनच, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीचा जुना सेल्टिक सणच आहे का? यॉर्कशायरमध्ये घरी करायचा तर काय करावं?

नाही. "सगळे सण प्राचीन, चर्चने नंतर पळवले" हे वाक्य इथल्या मराठी मंडळींच्या दर दिवाळी फराळाला कुणीतरी ठोकून देतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या सणाला जन्मतारीख आहे: ५ नोव्हेंबर १६०५. पहिला जेम्स राजा संसदेत येणार होता आणि त्याला उडवून द्यायच्या कॅथलिक कटातला गाय फॉक्स हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसकट सापडला. राजा वाचला म्हणून त्याच संध्याकाळी लंडनमध्ये शेकोट्या पेटल्या. आनंद झाला की रस्त्यात शेकोटी, ही तेव्हाची रीतच. जानेवारी १६०६ मध्ये संसदेने कायदा केला की दरवर्षी या दिवशी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना व्हावी. तो १८५९ पर्यंत लागू होता. अडीचशे वर्षं सरकारी हुकमाने पाळलेल्या दिवसाला सेल्टिक आजोबा शोधून द्यायची काय गरज आहे?

दुसरी थाप म्हणजे फॉक्सला जाळलं, म्हणून पुतळा जाळतात. त्याला ३१ जानेवारी १६०६ ला फासावर चढवलं आणि तो मान मोडून मेला. शिवाय १६७० च्या दशकात लंडनमध्ये जळायचे ते पोपचे पुतळे. 'गाय'चा, म्हणजे फॉक्सचा पुतळा रूढ झाला तो बराच नंतर. ससेक्समधल्या लुइस गावात आजही पाचव्या पॉलचा, म्हणजे कटाच्या वेळच्या पोपचा पुतळा निघतो आणि १५५५ ते १५५७ मध्ये तिथे जाळलेल्या १७ प्रॉटेस्टंटांसाठी १७ जळते क्रूस मिरवतात. याला "इंग्रजांची दिवाळी" म्हणणाऱ्यांनी एकदा ती मिरवणूक बघावी. इंग्लंडच्या फटाक्यांच्या नियमांत मात्र दिवाळीचा मान मोठा आहे: एरवी रात्री ११ ला बंद, ५ नोव्हेंबरला १२ पर्यंत, दिवाळीला १ पर्यंत.

आता घरी काय करायचं. यॉर्कशायरमध्ये आहात, तर पार्किन, म्हणजे ओटमील आणि सुंठेचा केक करा. लोणी, ब्लॅक ट्रीकल (साखरेचा काळा, कडवट पाक), गोल्डन सिरप आणि गडद ब्राउन साखर, प्रत्येकी ११० ग्रॅम, मंद आचेवर नुसतं वितळवा. उकळलं तर पाक होतो आणि केक चिवट निघतो. कोमट झाल्यावर त्यात २२५ ग्रॅम मध्यम ओटमील, ११० ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, दोन चमचे सुंठ, चिमूटभर मीठ, एक अंडं आणि थोडं दूध. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनात १४० अंशांवर सव्वा ते दीड तास. पहिला तासभर ओव्हन उघडू नका, मधोमध बसतो. ओटमील म्हणजे भरड दळलेलं. पॉरिजचे चपटे ओट्स घातलेत तर फ्लॅपजॅक (ओट्सची चिकट वडी) होईल, पार्किन नाही. गोल्डन सिरपच्या जागी काकवी चालते, ट्रीकलच्या जागी नाही, कारण तो कडवटपणा काकवीत नसतो.

सगळ्यात जास्त पार्किन बिघडतं ते त्याच दिवशी खाल्ल्याने. ताजं पार्किन कोरडं लागतं, सुरी लावली की भुगा. कागदात गुंडाळून घट्ट डब्यात पाच दिवस ठेवलं की ओट्स मऊ होतात आणि वरचा थर चिकट होतो. अनारशाच्या पिठाइतकाच धीर धरावा लागतो. म्हणजे ३१ ऑक्टोबरला भाजा.

पुतळा करायचा तर जुने सुती कपडे घ्या आणि आत चुरगळलेली वर्तमानपत्रं सैल भरा. पॉलिएस्टर वितळून ठिबकतं, धूरही विषारी. आत फटाके अजिबात नकोत. शेकोटी घर, झाडं, कुंपण यांपासून १८ मीटर दूर हवी. एवढी बाग फार थोड्यांकडे असते, म्हणून गावच्या शेकोटीला जाणंच बरं. तरीही घरीच पेटवायची तर रास त्याच दिवशी रचा. आधी रचलेली असेल तर हलवून पुन्हा रचा, हेजहॉग (छोटे काटेरी प्राणी) आत शिरून झोपतात.

आणि हो, हॅलोवीनची गोष्ट वेगळी. तिथे आयर्लंड-स्कॉटलंडचा जुना धागा खरा आहे, भोपळ्याआधी टर्निप कोरत असत. लँकेशायर-डर्बीशायरच्या काही भागांत ऑल सोल्सच्या (२ नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस) सुमारास शेतात आग पेटवायची चालही होती. पण ती नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांची चाल. ती तीन दिवस पुढे सरकवून फॉक्सच्या गळ्यात घालू नका.